अर्णव की अथर्व : पसंत पडलेल्या दोन नावांतून एक कसे निवडावे

बाळाच्या नावांची यादी पन्नासावरून दोनावर आणणे सोपे असते. दोनावरून एकावर येणे अवघड. पन्नासांतील बहुतेक नावे घरातल्या कोणाला ना कोणाला नापसंत असतात आणि आपोआप गळतात. उरलेली दोन सर्वांना आवडलेली असतात, म्हणूनच तर ती उरतात, आणि मग ‘यांतले जास्त कोणते आवडते?’ असे विचारत बसून काही हाती लागत नाही. इंदूरला राजेंद्र नगरात राहणाऱ्या माझ्या भावाला मुलगा झाला तेव्हा अर्णव आणि अथर्व ही दोन नावे अशीच उरली. आत्या या नात्याने बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान माझा, त्यामुळे निवाड्याचे कामही माझ्याच गळ्यात पडले. त्या दिवसांत आम्ही जे करून पाहिले ते येथे क्रमाने लिहिले आहे. उदाहरणे याच दोन नावांची आहेत. परंतु ज्यांच्या घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी आहे अशा कोणालाही आपली जोडी घेऊन हाच क्रम वापरता येईल.

घाई किती करायची, ते आधी ठरवावे

प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णालयातील कर्मचारी कागद पुढे करून नाव विचारतात आणि दमलेले आई-वडील त्या क्षणी जे सुचेल ते सांगून टाकतात. तसे करण्याची गरज नाही. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यावी लागते हे खरे. पण ती माहिती जन्माची आहे, नावाची नव्हे. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद करता येते आणि नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालण्याची सोय आहे, मात्र तेवढे थांबण्याचे कारण नाही, कारण शाळाप्रवेशाच्या वेळी नावासह प्रमाणपत्र लागतेच.

याची दुसरी बाजू अशी की एकदा लिहिले गेलेले नाव आता पूर्वीपेक्षा पक्के असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून या कायद्यातील दुरुस्ती लागू झाली असून, त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, वाहनपरवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी आणि सरकारी नोकरी या सर्वांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच चालते. आधारवरचे नावही आयुष्यात दोनदाच बदलता येते. याच इंदुरात १९२९ साली जन्मलेल्या लता मंगेशकर यांचे मूळ नाव हेमा होते आणि वडिलांच्या नाटकातील लतिका या पात्रावरून पुढे त्यांचे नाव लता झाले. त्या काळी असा बदल घरच्या घरी होत असे. आज तो करायचा तर सही-शिक्क्यांची रांग लागते. म्हणून रुग्णालयात नाव देण्याची घाई करू नये, आणि बारशाला जाहीर केलेले नावही कागदावर चढवण्यापूर्वी आठ-दहा दिवस वापरून पाहावे.

अर्थ : बघावा, पण त्यावर निकाल देऊ नये

अर्णस् म्हणजे पाणी, आणि ज्यात पाणी आहे तो अर्णव, म्हणजे समुद्र. संध्येतील अघमर्षण मंत्रात ‘समुद्रो अर्णवः’ असे शब्द येतात, आणि ‘भवार्णव’ हा शब्द कीर्तनाला बसणाऱ्या कोणत्याही आजीला ठाऊक असतो. अथर्व हा मूळ अथर्वन्. तो अग्नीचा उपासक असलेला प्राचीन ऋषी असून चौथ्या वेदाला त्याचेच नाव आहे. निरुक्त या शब्दांच्या व्युत्पत्तीवरील प्राचीन ग्रंथात यास्काने ‘थर्व’ म्हणजे हालणे आणि त्याच्या उलट तो अथर्व, म्हणजे न डळमळणारा, अशी फोड केली आहे. अनेक घरांत ‘अथर्व म्हणजे गणपती’ असे सांगितले जाते, ते गणपती अथर्वशीर्षामुळे. तिथेही अथर्व हे वेदाचे नाव आहे, गणपतीचे नव्हे. चतुर्थीला न चुकता खजरान्याच्या गणपतीला जाणाऱ्या घराला या फरकाने काही अडत नाही, मात्र मुलाने मोठा होऊन विचारले तर त्याला खरे ते सांगता यावे.

थोडक्यात, दोन्ही नावे वैदिक, दोन्हींचा अर्थ भारदस्त. म्हणजे या मुद्द्यावर बरोबरी. बहुतेक जोड्यांचे असेच होते, कारण वाईट अर्थाची नावे यादीत मुळात येतच नाहीत. अर्थाचा उपयोग एकाच ठिकाणी होतो : घरातील जुन्या नावाशी धागा जुळत असेल तर. पणजोबांचे नाव रत्नाकर असेल तर अर्णव हे त्याच अर्थाचे आजच्या वळणाचे नाव ठरते आणि आजोबांच्या डोळ्यांत पाणी येते. पणजोबा गजानन किंवा विनायक असतील तर अथर्वचे पारडे जड होते. आमच्याकडे दोन्ही बाजूंना अनुक्रमे सागर आणि गणेश निघाले, त्यामुळे तेही साधले नाही.

उच्चार : खरी परीक्षा येथे आहे

नाव आपण ठेवतो, पण ते वापरतात इतर लोक. म्हणून पुढच्या पायरीला एक कागद घेऊन, मुलाला येत्या दहा वर्षांत कोणकोण हाक मारणार आहे त्यांची यादी करावी. आमच्या यादीत आजी-आजोबा, पुण्याची मावशी, वरच्या मजल्यावरचे जैन कुटुंब, दूधवाला, शाळेच्या बसमधील बाई, हिंदी भाषक शिक्षिका आणि गल्लीतली मुले होती. मग यांतील प्रत्येकाला काही न समजावता दोन्ही नावे कागदावर दाखवून मोठ्याने वाचायला सांगावे. आपण आधी उच्चारून दाखवले की समोरचा नक्कल करतो आणि चाचणी फुकट जाते.

या चाचणीत अर्णव अडखळला. मराठी तोंडात तो ‘अर्-णव’ असा दोन ठोक्यांत येतो. इंदूरच्या शहरी हिंदीत मात्र तो ‘अर-नव’ होतो, क्वचित ‘अरनव’ असा तीन तुकड्यांत. यात कोणाचा दोष नाही. जिथे गणेशजी बोलता बोलता ‘गनेस जी’ होतात आणि होळकरांच्या स्वतःच्या शहरात होळकर ‘होलकर’ लिहिले जातात, तिथे आपल्या मुलाचा ‘ण’ तेवढा शाबूत राहील अशी अपेक्षा करणे बरे नव्हे. गंमत अशी की शहराबाहेरचा माळवी बोलणारा माणूस ‘पाणी’तला ण स्वच्छ उच्चारतो, आमच्याकडे येणाऱ्या दूधवाल्याने ‘अर्णव’ शिक्षिकेपेक्षा चांगले म्हटले. हीच जोडी घेऊन एखादे कुटुंब वडोदऱ्याला राहत असते तर निकाल वेगळा लागला असता, कारण गुजरातीत ण आणि ळ दोन्ही घट्ट आहेत. गावाप्रमाणे नावाचे गुण बदलतात, ते असे.

अथर्वला हा त्रास नाही. थ हिंदीत आहेच, आणि अथर्ववेद हा शब्द शाळेत प्रत्येकाच्या कानावरून गेलेला असतो. त्याची अडचण शेवटच्या अक्षराला आहे. जोडाक्षराने संपणारे नाव मराठीत शेवटी किंचित ‘अ’ ठेवून उच्चारले जाते. तेच रोमन लिपीत शेवटी ‘ए’ लावून लिहिले की वाचणारा ‘अथर्वा’ म्हणतो, जसे योगचे योगा झाले. यावर आमच्या वडिलांनी काढलेला तोडगा असा की अथर्वन् या शब्दाचे संस्कृतातील प्रथमा एकवचन ‘अथर्वा’च होते, तेव्हा चुकणारा माणूस नकळत बरोबरच बोलत असतो.

एक आणखी पाहावे : विभक्ती लावून नाव कसे चालते. ‘अर्णवला बोलाव’, ‘अर्णवचा डबा’ हे सरळ चालते. अथर्वच्या बाबतीत घरात दोन पंथ पडतात, ‘अथर्वला’ म्हणणारे आणि ‘अथर्वाला’ म्हणणारे. जुन्या वळणाचे लोक ‘रामाला’प्रमाणे ‘अथर्वाला’ म्हणतात. ते अशुद्ध नाही आणि ऐकायला गोडही आहे. तरी दिवसातून शंभर वेळा हे रूप तोंडी येणार असल्याने दोन्ही रूपे म्हणून पाहिलेली बरी.

आणि स्वतः बाळ? र हा ध्वनी मुलांना उशिरा येतो, जोडाक्षर त्याहून उशिरा. तीन वर्षांचा अर्णव स्वतःला ‘अन्नव’ म्हणेल आणि अथर्व ‘अत्तव’. हा मुद्दा सोडून द्यावा; दोन्ही नावांत रफार आहे आणि दोघांनाही तो सारखाच छळणार आहे.

हाक, लाडाचे नाव आणि चेष्टेचे नाव

हाकेची चाचणी गच्चीवरून करावी, आणि त्याला लाजू नये. खाली मैदानात कोणाला तरी उभे करून दोन्ही नावांनी हाक मारली की फरक लगेच कळतो. ‘अर्णव’ लांबवताना शेवटचा व विरघळतो आणि खाली ‘अर्णोऽऽ’ ऐकू येते. ‘अथर्व’ शेवटी उघडे असल्याने ‘अथर्वऽऽ’ असे हवे तेवढे ताणता येते. मैदानातून मूल घरी आणायचे तर हा गुण लहान नाही.

लाडाची नावे दोन्हींची होतात : अर्णवचे अण्णू किंवा अरू, अथर्वचे अथू. मराठी मित्र ‘या’ लावणारच, तेव्हा ‘अर्ण्या’ आणि ‘अथर्व्या’ ही रूपे आधीच म्हणून पाहावीत. दुसरे जिभेला जड आहे, त्यामुळे त्याचे ‘अथ्या’ होईल. इंदूरला याच्या जोडीला ‘भिया’, म्हणजे भैयाचे इंदुरी रूप, येते. ‘अर्णव भिया’ आणि ‘अथर्व भिया’ दोन्ही पोह्यांच्या दुकानाबाहेर शोभतील अशी निघाली. आमच्या आईने तर ‘अर्णवराव’ आणि ‘अथर्वराव’ असे म्हणून पाहिले, कारण तिच्या मते पुढे कोणीतरी उखाण्यात हे नाव घेणार आहे. पाच दिवसांच्या बाळाबाबत हा विचार फार दूरचा आहे असे मला वाटले, पण नोंद करून ठेवली : उखाण्याला अर्णव सोपे.

लिखाण : जिथे चुका होतात तिथे आधी बोट ठेवावे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. दोन्ही नावे देवनागरीत आणि रोमन लिपीत, हाताने आणि मोबाइलवर, दहा वेगवेगळ्या माणसांकडून लिहून घ्यावीत आणि चुका मोजाव्यात. केवळ सांगून लिहायला लावावे, दाखवून नव्हे.

देवनागरीत अर्णवची ठराविक चूक ‘अर्नव’ ही आहे. अथर्वची चूक त्याहून गमतीची आणि त्याहून सर्रास : रफार एक घर मागे सरकून ‘अर्थव’ होते. ‘अर्थ’ हा शब्द बोटांच्या सवयीचा असल्याने सुशिक्षित माणसेही हे करतात. वाढदिवसाच्या केकवर तर हमखास. आमच्या दहा जणांत चौघांनी ‘अर्थव’ लिहिले आणि तिघांनी ‘अर्नव’. देवनागरीत अर्णव थोडक्यात पुढे गेला.

रोमन लिपीत चित्र आणखी स्पष्ट होते. अर्णवचे पाच अक्षरांचे एकच रूप सर्वांनी लिहिले. अथर्वची दोन रूपे निघाली, शेवटी ‘ए’ असलेले आणि नसलेले, आणि दोन्ही रूपे प्रचारात असल्याने कोणतेही चूक म्हणता येत नाही. धोका नेमका तेथेच आहे. चुकीचे रूप कोणीतरी पकडतो. बरोबर वाटणारे दुसरे रूप कोणी पकडत नाही आणि ते जन्म प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरे असे बसून जाते. मध्य प्रदेशात यात समग्र आयडीची भर पडते. कुटुंबाचा आठ अंकी आणि व्यक्तीचा नऊ अंकी क्रमांक देणारी ही नोंद शाळेत आणि सरकारी योजनांत मागितली जाते, आणि तिच्यावरचे नाव आधारशी जुळावे लागते. म्हणून अथर्व ठेवायचे असेल तर शेवटचा ‘ए’ हवा की नको हे बारशाआधीच ठरवून कागदावर लिहून ठेवावे आणि घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो फोटो असावा. अंकशास्त्राच्या हिशेबाने मधेच एखादा ‘ए’ वाढवण्याचा विचार असेल तर तोही याच वेळी करून टाकावा. पुढे केला तर त्याचे पाप-पुण्य बाजूला राहील, खेटे मात्र नक्की पडतील.

मधले नाव आणि आडनाव

मराठी माणूस नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन पदरी लिहितो. इंदूरच्या शाळांत आणि कार्यालयांत वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा असतो आणि मुलाचे नाव म्हणजे नाव अधिक आडनाव असे धरले जाते. तिथे तीन पदरी नाव लिहिले की पाहणाऱ्याला मधले नाव मुलाचेच दुसरे नाव वाटते, किंवा कुठे तरी आडनाव गळून वडिलांचे नावच आडनावाच्या जागी बसते. दोन्ही पद्धती योग्य आहेत. फक्त पहिल्या कागदावर जी निवडली ती शेवटपर्यंत पाळावी, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर जे छापून येते तेच पुढे नोकरीपर्यंत चालते. माझे मत दोन पदरी लिहिण्याकडे झुकते, जरी आमच्या वडिलांना ते अर्धे नाव वाटते.

आता आडनाव जोडून दोन्ही नावे दहा वेळा भरभर म्हणावीत. नावाचे शेवटचे अक्षर आणि आडनावाचे पहिले अक्षर एकच असेल तर ते एकमेकांत मिसळतात. वैद्य, वर्तक, वाघ या आडनावांशी अर्णव जोडला की दोन व चिकटून ‘अर्णवैद्य’ असे काहीतरी ऐकू येते. अथर्वलाही व आहे, पण मधला किंचित अ थोडी फट ठेवतो. कर्णिकांच्या घरी अर्णव ठेवला तर र्ण दोनदा वाजतो, सरवट्यांच्या घरी अथर्व ठेवला तर र आणि व दोनदा. थत्त्यांच्या घरी अथर्व मात्र खुलून दिसतो. हे कानाने ठरवायचे आहे; येथे नियम सांगण्यात अर्थ नाही.

पंचांग, शास्त्र आणि हजेरीपट

पहिले अक्षर नक्षत्राच्या चरणावरून हवे असेल तर अ हे कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचे अक्षर आहे. दोन्ही नावे अ ने सुरू होत असल्याने त्यावरून निवड होत नाही. बाळाचे अक्षर वेगळे असेल तरी अडू नये, कारण नामकरणात देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे असतात. पत्रिकेचे अक्षर नाक्षत्रनामाला द्यावे आणि शाळेचे नाव मोकळे ठेवावे. पारस्कर गृह्यसूत्र मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरी असावे असे सांगते. आमची दोन्ही नावे तीन अक्षरी. म्हणजे शास्त्राच्या परीक्षेत दोघेही सारखेच नापास.

लोकप्रियतेची काळजी मात्र मोजून करावी, ऐकून नव्हे. आपल्या इमारतीत, नात्यात आणि ओळखीच्या बालवाडीत सात वर्षांखालील वीस मुलगे शोधावेत आणि त्यांची नावे लिहावीत. वीसांत एकच समनामी असेल तर विसरून जावे. तीन निघाले तर वर्गात आपला मुलगा आडनावाच्या आद्याक्षरासह ओळखला जाईल, हे मान्य आहे का ते आई-वडिलांनी ठरवावे. आमच्या वीसांत अथर्व दोन, अर्णव एक. अर्थात संजय आणि सुनील यांच्या पिढीत एका वर्गात चार-चार संजय असत आणि कोणाचे काही बिघडले नाही.

शेवटचे तीन-तीन दिवस

इथवर आल्यावर गुण मांडून बेरीज करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण गच्चीवरच्या हाकेला आणि आधारवरच्या अक्षराला एकाच तराजूत घालता येत नाही. त्याऐवजी तीन दिवस संपूर्ण घराने बाळाला एका नावाने हाक मारावी आणि पुढचे तीन दिवस दुसऱ्या. या काळात कोणीही मत देऊ नये. चौथ्या दिवशी नाव बदलल्यावर कोणाच्या तोंडून आधीचे नाव चुकून येत राहते त्याकडे लक्ष ठेवावे. आमच्याकडे पहिले तीन दिवस अथर्वचे होते आणि पुढच्या तीन दिवसांत वहिनी, वडील आणि मी, तिघेही दर तासाला चुकत होतो. उलट क्रमाने केले असते तर अर्णव चिकटला असता का, अशी शंका भावाने काढली. ती रास्त होती, म्हणून आणखी दोन दिवस पुन्हा अर्णव लावून पाहिले. तेव्हाही वहिनी रात्री दूध पाजताना अथूच म्हणत होती. जी व्यक्ती नाव सर्वांत जास्त घेणार तिच्या तोंडी बसलेले नाव धरावे, या माझ्या मताला मग कोणी विरोध केला नाही.

या चाचण्यांमुळे बारसे बाराव्या दिवसावरून पुढच्या रविवारी गेले. तांदळाच्या ताटात अंगठीने भावाने नाव लिहिले, तेव्हा रफार व वर आला की नाही हे मी वाकून पाहिले. ‘कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या’ झाले, मी बाळाच्या कानात कुर्र केले, घुगऱ्या वाटल्या.

नाव कागदावर चढवताना अर्ज छापील अक्षरांत भरावा, तोंडी सांगू नये, आणि प्रमाणपत्र निघण्यापूर्वी पडद्यावरचा मसुदा देवनागरी व रोमन अशा दोन्ही ओळींत अक्षर-अक्षर लावून वाचावा. भाऊ बाळाचे नाव घालायला गेला तेव्हा खिडकीपलीकडच्या पडद्यावर, आमचा अर्ज समोर असूनही, ‘अर्थव’ उमटले होते. त्याने मोबाइलमधला फोटो काढून काचेला लावला आणि ते तिथल्या तिथे दुरुस्त झाले.